काजूएवढं हाड

सकाळी पाच चाळीसला मानवत–पाथरी रस्त्यावर धावताना सुकेशनी कुत्र्याला चुकवायला गेली आणि उजव्या तळहातावर पडली. मनगट फारसं सुजलं नाही. तिनं उरलेले दोनशे मीटर पूर्ण केले.

ती तेवीस वर्षांची. मागच्या पोलीस भरतीत एका गुणानं राहिली होती. यंदाची मैदानी चाचणी सात आठवड्यांवर आली होती आणि तिची सगळी भिस्त गोळाफेकीवर होती. चार किलोचा गोळा सहा मीटरच्या पुढे गेला की पंधरापैकी पंधरा.

वडील धम्मपाल तिला परभणीला घेऊन गेले. एक्स-रेत काही दिसलं नाही. तरी डॉक्टरीणबाईंनी तिला अंगठा ताणायला लावला आणि त्याच्या बुडाशी पडलेल्या खळगीत बोट दाबलं. सुकेशनी ओरडली.

"जुनी माणसं इथं तपकीर ठेवून ओढायची," बाई म्हणाल्या. "या खळगीखाली काजूएवढं, नावेसारखं एक हाड असतं. मोडलं तरी पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही. प्लास्टर घालते. बाराव्या दिवशी या, परत फोटो काढू."

ती भरतीची तयारी करायची त्या अकॅडमीचे भागवत सर फौजेतून निवृत्त झालेले. सरावाला सुटी हवी तर एक्स-रे दाखवायचा, हा त्यांचा नियम. फोटो साफ निघाला की ती फिल्म हॉलच्या खिडकीला चिकटायची, खाली नाव. सतरा लागल्या होत्या. पोरं त्या खिडकीला 'बहाण्यांचं दुकान' म्हणत.

सरांनी सुकेशनीची फिल्म उजेडात धरली. "हाय का कुठं रेघ?"

"न्हाई सर. पण डॉक्टर म्हणल्या..."

"भरती डॉक्टरला व्हायचंय, का तुला? हाड न्हाई गं, मन मोडलंय तुजं."

अठरावी फिल्म लागली.

चौथ्या दिवशी तिनं प्लास्टर बादलीत भिजवलं. "बाबा, कापा."

"पोरी, बारा दिवस म्हणल्यात त्या."

"फोटोत काहीच न्हाई. खिडकीवर नाव लागलंय माजं. कापा म्हणते ना."

धम्मपाल यांनी विळ्यानं कापलं. बारावा दिवस सरावात गेला. परभणीला कुणी गेलं नाही.

मैदानी चाचणीच्या दिवशी तिनं मनगटाला पट्टी आवळली. तिसरा गोळा सहा मीटर चार सेंटिमीटर गेला. पुढं लेखी परीक्षाही ती पास झाली. निवड यादीत नाव आलं, तेव्हा सरांनी चौकात तिचा बॅनर लावला.

तोवर पाच महिने झाले होते आणि तिला ओला टॉवेल पिळता येत नव्हता. परभणीला काढलेल्या दुसऱ्या फोटोत हाडाचे दोन तुकडे कुणालाही दिसतील असे होते.

"तुमचं रान कालव्याच्या टेलला, पार शेवटच्या टोकाला ना?" बाईंनी धम्मपालना विचारलं. "या हाडाला रक्त बोटांच्या बाजूनं येतं आणि उलटं कोपराकडं जातं. मधेच फुटलं की टेलच्या तुकड्याला थेंब मिळत नाही. तो तुकडा मरत चाललाय. प्लास्टर राहिलं असतं तर बहुतेक जुळलं असतं. काढलं कुणी?"

"मीच कापलं," धम्मपाल म्हणाले.

बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

ऑपरेशन म्हणजे कमरेचं थोडं हाड काढून मनगटात बसवायचं, स्क्रू घालायचा, मग तीन महिने प्लास्टर. लांबवलं तर हाडाचा आणखी भाग जाईल आणि मनगट कायमचं आखडेल. ऑपरेशनची तारीख मिळाली नऊ; ती सोडली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नव्हतं. भरतीची वैद्यकीय तपासणी सतराला.

सरांचा फोन आला. "आधी मेडिकल होऊ दे. मूठ आवळून दावायची, हसायचं, बाहेर यायचं. लय अवघड न्हाई."

"मूठ वळंना सर."

"चौकात बॅनर लागलाय तुजा, सुकेशनी."

"मग बॅनरलाच पाठवा की मेडिकलला."

तिनं फोन ठेवला.

आज आठ तारीख. दवाखान्यातून सकाळपासून दोनदा विचारणा झाली. दुपारी तीनपर्यंत सुकेशनीनं होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.