चोरीला गेलेले आबा

सोनम सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ एका विमा कचेरीत कामाला होती. फावल्या वेळात ती ब्लॉग लिहायची. विषय एकच, तिचे वडील बिरप्पा आणि त्यांची मेंढरं. आबा सांगोल्याकडं गावी असत. ते फोनवर सांगत, ती लिहून काढी.

आई मेलेल्या कोकराला दुसऱ्या मेंढीनं पाजावं म्हणून आबा काय करतात, हे तिनं मार्चमध्ये लिहिलं. महिन्याभरानं तोच लेख शेतीच्या एका वेबसाइटवर दिसला. शब्दनशब्द तोच. ‘माझे आबा म्हणतात’ हेसुद्धा तसंच, वर नाव मात्र भलत्याच माणसाचं. फोटोही कुणा परमुलखातल्या मेंढपाळाचा. सोनमला रडूच आलं. तिनं तीन मेल पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही.

रविवारी गावी जाऊन तिनं आबांना मोबाइल दाखवला.

“ह्यो कोण?” फोटो बघत आबांनी विचारलं.

“तुमीच की, त्यांच्या लेखी.”

आबा हसत सुटले. “आन् लिवणारा माझा ल्योक व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाय!”

“हसू नका, आबा. चार रविवार बसून लिहिलं होतं मी.”

आबा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुजंच नाव पायजे हुतं गं. खाली काय लिवलंय ते वाच बरं.”

कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीच्या निंगव्वा नावाच्या बाईनं कालच विचारलं होतं : ‘तुम्ही सांगितलं तसं मेंढीचं दूध कोकराच्या अंगाला चोळलं, तरी ती ढुशी मारते. काय करू?’ खाली फोन नंबर होता. उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

“ते वेबसाइटवाले काय उत्तर देणार?” सोनम म्हणाली. “ त्यांना कुटं म्हाईत हाय?”

“मला हाय की. लाव फोन.”

बोलताना निंगव्वाचं मराठी तुटकं, आबांचं कन्नड त्याहून तुटकं. तरी दोघं बराच वेळ बोलले. शेवटी कळलं, बाईनं आधी कोकराला साबणानं स्वच्छ धुतलं होतं.

“आवं, मेंढीला तिच्या दुधाचा न्हाय, साबणाचा वास येतुया!” आबा म्हणाले. “आता धुऊ नगासा. परत दूध चोळा, शेपटीला लई चोळा. आन् तवर बाटलीनं पाजा.”

तिसऱ्या दिवशी निंगव्वाचा सोनमला फोन आला. कोकरू पीत होतं. सोनमनं मग तिला चोरीची हकिकत सांगितली. त्याच दिवशी निंगव्वानं त्या लेखाखाली लिहिलं : ‘हे आबा सोनमचे आहेत. मी त्यांच्याशी बोलले आहे.’ मग इतर वाचकही जाब विचारू लागले. शनिवारी वेबसाइटनं गुपचूप लेख काढून टाकला. माफी वगैरे काही नाही.

सोनमनं आबांना फोन करून हे सांगितलं.

“आन् त्या बाईनं लिवलेलं?”

“तेबी गेलं.”

“आरारा! लई चांगलं लिवलं हुतं.”

“मला पाठ हाय, आबा. म्हणून दाखवू?”

“दाव की.”

तिनं म्हणून दाखवलं. आबांनी तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.