वैजयंतीच्या उसातलं खोकड

खोकड म्हणजे माळावरचा लहानसा कोल्हा. या एवढ्याशा जनावरापायी वैजयंतीला शिवलीलाचं तोंड बघवेना.

जिल्ह्यात खोकडं कुठं कुठं उरलीत, हे शहाजी सरांना शोधायचं होतं. त्यांनी नकाशाचे चौकोन पाडले, चिठ्ठ्या टाकल्या आणि आपल्या दोन विद्यार्थिनींना उचलायला लावल्या. शिवलीलाला नान्नजकडचा गवताळ माळ आला, वैजयंतीला उजनीकाठचा ऊस. आपला चौकोन पायी पालथा घालायचा आणि खोकडाची विष्ठा दिसली की पाकिटात भरायची. ती नेमकी कुठल्या खोकडाची, हे पुढं प्रयोगशाळा सांगते. "काही न सापडणं हीसुद्धा नोंदच," असं सर बजावत. पण पुढच्या कामावर ते एकीलाच ठेवणार होते, आणि रिकाम्या हाताच्या पोरीला कोण ठेवतं?

शिवलीला रोज पाकिटं भरून आणायची, वर हसायची. "आज पिल्लं बी दिसली की गं!"

"लई भारी," वैजयंती म्हणायची आणि आतून जळून खाक व्हायची. तिला उसात मिळत होती ती अंगभर खाज. मेलीनं चिठ्ठी आधी उचललीच कशाला?

शेवटी एका दुपारी शिवलीला हात धुवायला गेली, तेव्हा वैजयंतीनं तिच्या एका पाकिटातली अर्धी विष्ठा आपल्या पाकिटात घातली आणि वर लिहिलं, उजनी. चोरावी तर काय चोरावी माणसानं!

निकाल आला तसे सर खुर्चीतून उठलेच. "वैजयंती, तुझ्या उसातलं आणि हिच्या माळावरचं खोकड एकच आहे! डीएनए तंतोतंत जुळतोय. मधे हायवे, कालवे, गावं, आणि हे पठ्ठं पार उजनीपर्यंत गेलंय!"

वैजयंतीनं ओढूनताणून हसू आणलं. खरं सांगावं तर आत्ताच हाकलून देतील.

"आता याच्याच मागावर राहायचं," सर म्हणाले. "ते मूळचं माळावरचं, त्याची बिळं शिवलीलाला ठाऊक आहेत. तेव्हा पुढचं काम तिचं."

म्हणजे उसात नसलेलं खोकडसुद्धा शिवलीलाचंच निघालं.

शिवलीलानं तिला घट्ट मिठी मारली. तिचे डोळे भरून आले होते. "वैजू, तू उसात वणवण केलीस म्हणून मला हे मिळालं. सरांना सांगून शोधनिबंधात तुझं नाव माझ्या आधी घालायला लावते बघ."

ती हे मनापासून बोलत होती. मेलीला इतकं चांगलं वागता येतं, याचाच वैजयंतीला सगळ्यात जास्त हेवा वाटला.