माझ्या कपाळावरचा टवका

मित्रांनो, मी आमच्या गावच्या वाचनालयातला एक जुना खण आहे. टेबलाचा नव्हे हं! त्यात लोक सुपारी आणि औषधाच्या गोळ्या ठेवतात. मी कार्डांचा खण. पावसजवळच्या एका वाडीत केरू सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. माझ्या पोटातून त्याने एक पितळी सळई आरपार घातली. पुस्तकाचं नाव कार्डावर लिहायचं, कार्डाला भोक पाडायचं आणि ते सळईत ओवायचं. एकदा ओवलं की मला उलटा केलात तरी ते हलणार नाही. सुटं कार्ड मात्र पंख्याच्या वाऱ्यानेही उडून जातं.

माझे दिवस मोठे चैनीचे होते. लोक आधी मला उघडायचे आणि मग कपाटाकडे जायचे. रत्नागिरीहून तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले होते, "खण असावा तर असा." त्या दिवशी मी इतका फुगलो की संध्याकाळी आपल्या कप्प्यात जाईना. पावसाळी हवाही होती म्हणा.

आता माझ्या कपाळावरच्या टवक्याची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

तीस वर्षांपूर्वी ग्रामसभा वाचनालयातच भरत असे. तेव्हा गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जांभ्या दगडाची चिरेखाण काढायचा काहींनी घाट घातला होता. खाण झाली असती तर खालचा झरा आटला असता. सरपंच भिकाजीअण्णा खाणीच्या विरोधात उभे राहिले आणि पंचायतीतला एक सदस्य काशीराम त्यांच्या पाठीशी होता. सभेत आरडाओरडा झाला. दारातून एक चिऱ्याचा तुकडा भिरभिरत आला, काशीरामच्या कानशिलावर आदळला आणि तिथून माझ्या कपाळावर, म्हणजे पुढच्या फळीवर. माझा टवका उडाला. काशीराम बारा दिवसांनी तापात गेला. दगड कोणी मारला ते कधीच कळलं नाही. खाण मात्र झाली नाही.

पंचायतीच्या दारात एक संगमरवरी पाटी आहे, 'गावासाठी प्राण दिलेले'. तिच्यावर तेव्हा दोन नावं होती. काशीरामचं तिसरं लागलं नाही. अण्णाच तेव्हा म्हणाले, "दगड त्याच्यासाठी नव्हता. आणि गेला तो तापाने." सरपंचाच्या शब्दापुढे कोण बोलणार? काशीरामची मुलगी सावित्री तेव्हा विशीत होती. पुढे ती आमची ग्रंथपाल झाली. पंचायतीत काम असलं की ती मागच्या दाराने जात असे.

अण्णा वाचनालयाचे अध्यक्ष झाले. माणूस सरळ, हिशेबाला चोख, पुस्तकांवर जीव. फक्त दरवर्षी रंगकाम निघालं की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "त्या खणाचा टवका लांबी भरून बुजवून घ्या. बरं दिसत नाही." सावित्री "हो अण्णा" म्हणायची आणि भरायची नाही.

मग कॉम्प्युटर आला. माझी कार्डं रद्दीत गेली. माझ्यात किल्ल्या आणि वाळलेली पेनं पडली. एका पालीने तर अंडीही घातली. मी मनाची समजूत घातली, निदान कोणीतरी भरवशाने काही ठेवलं.

गेल्या वर्षी वर्धापनदिनाला शाळेच्या मुलांची प्रश्नमंजूषा झाली. सावित्रीने प्रश्न विचारला, अमेरिकेत किती राजकारण्यांची हत्या झाली? उत्तर ठरलेलं होतं, तेही तिने वाचून दाखवलं, चार. लिंकन, गारफिल्ड, मॅकिन्ली आणि केनेडी. आठवीतली वेदिका उभी राहिली. "बाई, हे चार तर फक्त अध्यक्ष. महापौर राजकारणी नसतो?"

सगळे हसले. सावित्री हसली नाही. तिने वेदिकाला अर्धा गुण दिला आणि खरी यादी करायची असं ठरवलं. कॉम्प्युटरवर दर ठिकाणी आकडा वेगळा. तेव्हा तिला माझी आठवण झाली! तिने मला पुसलं आणि कपाटातली कोरी कार्डं काढली, एका माणसाला एक. ज्याच्याबद्दल वाचनालयाच्या समितीची खात्री, त्याला भोक पाडून सळईत ओवायचं. ज्याच्याबद्दल शंका, तो सुटा. महिनाभर ती वाचत होती आणि मी पुन्हा भरत होतो. मित्रांनो, म्हातारपणी काम मिळण्याचं सुख काही निराळंच.

समितीची बैठक बसली. बैठक कसली, ऐंशीला टेकलेले अण्णा आणि सावित्री. बाकीचे आंब्याच्या फवारणीला गेले होते. शिमग्यात पालखीचा मान कोणाचा हे ठरवताना बसतात, तसे अण्णा ताठ बसले.

"हॅमिल्टन," सावित्री म्हणाली. "अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री. द्वंद्वात गेला."

"आपल्या पायांनी गेला तो तिथं. खून नाय म्हणायचा. सुटा ठेव."

"मार्टिन ल्यूथर किंग. कधी कुठल्या पदावर नव्हते."

"माणूस मोठा. पण पद नाय." अण्णा घुटमळले. "सुटा ठेव. पण सगळ्यांच्या वर ठेव."

"गारफिल्ड. गोळी लागली आणि जवळजवळ ऐंशी दिवसांनी गेला. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घातली, त्यानेच गेला म्हणतात."

"असं कसं? गोळी नसती तर डॉक्टर कशाला आले असते? दुखणं गोळीचंच. ओव त्याला."

सावित्रीने ओवला. पुढचं कार्ड हातात घेताना दुसऱ्या हाताने तिने मला घट्ट धरलं.

"अँटन सर्माक. शिकागोचा महापौर. १९३३ साल. गोळी झाडली होती निवडून आलेल्या नव्या अध्यक्षावर. लागली याला. एकोणीस दिवसांनी गेला."

"ह्यो नाय," अण्णा पटकन म्हणाले. "गोळी ह्याच्यासाठी नव्हतीच. मदी आला तो."

"दुखणं गोळीचंच, असं आत्ताच म्हणालात अण्णा."

"ते येगळं."

"काय वेगळं?" तिचा आवाज चढला नव्हता. "तो आपल्या माणसाच्या बाजूला उभा होता. घरी बसला असता तर वाचला असता. गोळीवर नाव नसतं, अण्णा. ज्याला लागली त्याची ती."

अण्णांनी चष्मा काढला. कितीतरी वर्षांनी ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी बोट पुढे केलं आणि माझ्या टवक्यावर ठेवलं.

"तो मदी नव्हता आला, बाय," ते म्हणाले. "दगड मला दिसला. मी वाकलो. मागं तुझा बापूस होता. त्याचं नाव पाटीवर लावलं असतं, तर रोज येताजाता मला ते वाचावं लागलं असतं."

सावित्री रडली. तीस वर्षं न रडलेलं रडली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही वाकलात याचा राग नाही, अण्णा. दगड आला तर माणूस वाकणारच. बाबांना गावाने मोजलं नाही, त्याचा राग आहे."

अण्णांनी तिच्या हातातून भोक पाडायचं यंत्र घेतलं आणि सर्माकचं कार्ड स्वतः ओवलं. मग एक कोरं कार्ड ओढून कापऱ्या अक्षरात लिहिलं: 'काशीराम, पंचायत सदस्य. दगड माझ्यासाठी होता.' खाली सही केली. तेही त्यांनी माझ्यात ओवलं, शिकागोच्या महापौराच्या शेजारी.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला अण्णा मला काखेत मारून घेऊन गेले. कोणाला धरू देईनात. भर सभेत त्यांनी ते कार्ड वाचलं. कोणीतरी म्हणालं, अण्णा, पुरावा काय? त्यांनी टवका सगळ्यांना दिसेल असं मला उचलून धरलं. आता पाटीवर तीन नावं आहेत. सावित्री पंचायतीत पुढच्या दाराने जाते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची जरूर निगा राखा. धूळ पुसा, वाळवी लागू देऊ नका, सळईला कधीमधी तेल घाला. पण एक विनंती आहे. माझ्या कपाळावर लांबी भरू नका. यंदाच्या रंगकामाला रंगारी लांबीचा डबा उघडून माझ्याजवळ आला, तेव्हा अण्णाच ओरडले, "ऱ्हाऊ दे रे ते. तेवढं एक ऱ्हाऊ दे."