परत गेलेल्यांना मोजणारा

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला थोडा वेळ लागेल. मी लिंबाएवढा आहे, स्टीलचा आहे आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या तोंडावर चार आकड्यांची खिडकी आहे. वर एक खटका आहे. तो अंगठ्याने दाबला की टक असा आवाज होतो आणि आकडा एकने पुढे जातो. बाजूला एक गुंडी आहे. ती फिरवली की सगळे आकडे शून्यावर येतात. मला काउंटर म्हणतात. मोजणे एवढे एकच काम मला येते.

माझा जन्म कुठल्या तरी कारखान्यात झाला. ते मला आठवत नाही. आठवते ते अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आयसेलिन गावच्या एका दुकानातले काचेचे कपाट. तिथे मी कुलपांच्या शेजारी पडून होतो. एका शनिवारी सुहासिनीकाकू आणि रवींद्रकाका आले. मराठी मंडळाच्या जेवणाला माणसे किती होतात यावरून दर वर्षी वाद व्हायचा, म्हणून त्यांनी मला घेतले.

मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये असायचा. जेवणाऱ्यांची यादी आधीच तयार असायची आणि ती नेहमी चुकायची. नाव नोंदवलेले येत नसत, आणि न नोंदवलेले आणखी चौघांना घेऊन येत. काकू मला मुठीत धरून ताटांपाशी उभ्या राहायच्या. ताट उचलले की टक. पुढे त्या न जेवता कोण परत जाते तेही बघायला लागल्या. एका वर्षी सात आजी-आजोबा तसेच घरी गेले. जेवण तिखट होते आणि सांगायला त्यांना संकोच वाटला होता. पुढच्या वर्षी काकूंनी मऊ वरणभाताचे एक पातेले वेगळे ठेवले.

कार्यक्रम संपला की काकू मला काकांच्या हातात देत. काका कॉम्प्युटरच्या कामातले, शिस्तीचे. मला पेटीत ठेवण्याआधी ते गुंडी फिरवून शून्यावर आणत. "शून्य केल्याशिवाय ठेवायचा नाही," असा त्यांचा नियम होता. काकू त्यावरून त्यांची थट्टा करायच्या. नियम चांगला होता. पण त्याच नियमाने पुढे काय झाले ते ऐका.

काकूंची नोकरी एका लहान कॉलेजात होती. तिथली मुले दिवसा गोदामात नाहीतर वृद्धाश्रमात काम करायची आणि संध्याकाळी शिकायची. काही मुले कसली, चाळिशीच्या बायका होत्या. शिक्षणासाठी सरकारी मदत मागण्याचा जो फॉर्म असतो, त्याला तिथे सगळे फाफ्सा म्हणतात, तो भरून घेणे हे काकूंचे काम. ऑफिसच्या खिडकीमागे त्यांचे टेबल, आणि टेबलावर चिवड्याचा डबा उघडाच असे. उपाशी माणसाला फॉर्म समजत नाही, असे काकूंचे म्हणणे होते.

त्या कॉलेजात संध्याकाळी एक खोली उघडी असायची. ज्याचे गणित अडेल, ज्याला निबंध जमत नसेल, त्याने तिथे जाऊन बसायचे. शिकवणारी मुलेही कॉलेजातलीच. त्यांच्या पगारातला मोठा वाटा सरकार देई आणि उरलेला कॉलेजने घालायचा. कॉलेजला तेवढेही जमेनासे झाले. खोली पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून बंद होणार असे ठरत आले होते.

मार्ग एकच होता. कमी साधनांच्या कॉलेजांना अमेरिकेचे सरकार अनुदान देते. पण ते मागण्याआधी कॉलेज पात्र ठरावे लागते. पात्र ठरले म्हणजे अनुदान मिळाले असे नाही, पण ते मागता येते. शिवाय पगारातला तो उरलेला वाटाही माफ होतो. त्यासाठी सरकार दोन गोष्टी बघते. एका विद्यार्थ्यामागे कॉलेजचा खर्च त्याच्यासारख्या इतर कॉलेजांहून कमी हवा, आणि विद्यार्थ्यांत गरजू जास्त हवेत. पहिली गोष्ट या कॉलेजात होतीच, गळक्या छताकडे बघितले तरी कळायचे. अडचण दुसरीत होती.

ही अडचण काकूंना सांगितली हिमानीने. हिमानी कॉलेजात अनुदानाच्या अर्जांचे काम बघायची. तिचा जन्म इथलाच, आईवडील मंडळातले, त्यामुळे काकूंची ती लहानपणापासूनची ओळखीची. एके दिवशी ती चिवडा खात म्हणाली, "काकू, वी आर शॉर्ट. थोड्याशाने. ऑन पेपर आपली मुलं पुरेशी गरीब नाहीत."

"कागदावर कोण असतं?"

"ज्यांना मदत मिळते ते. म्हणजे ज्यांनी फाफ्सा भरला ते."

"आणि माझ्यासमोरून उठून जातात ते?"

"त्यांचा डेटा नाही ना काकू."

काकू म्हणाल्या, "मंडळात तू दर वर्षी दोनदा श्रीखंड घेतेस. तुझं नाव यादीत असतं का कधी?"

हिमानी हसली. मग तिने सांगितले की आकडे कमी पडले तर सरकारकडे सवलतीचा अर्ज करता येतो. आमच्याकडे गरीब घरातले विद्यार्थी किती आहेत हे पुराव्यानिशी दाखवायचे. मुदत दर वर्षी फेब्रुवारीपर्यंत असते; या खेपेला पुरावा जमायचा नाही, पण पुढच्या वर्षी करता येईल.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला मंडळाच्या पेटीतून काढून कॉलेजात आणले. जानेवारी महिना होता. तेव्हापासून जो कोणी फॉर्म न भरता उठून जाईल, त्याच्यामागे टेबलाखाली टक.

मित्रांनो, किती जण उठून जातात हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. कोणाचे वडील कमाई सांगायला तयार नसत. कोणाला सरकारी कागदाचीच भीती वाटे. कोणाची बस सुटत असे. एकदा देवांग नावाचा मुलगा आला. त्याचे वडील श्रीरंग जर्सी सिटीतून मॅनहॅटनला नोकरीला जायचे. मंडळाच्या नाटकात ते नेहमी राजा व्हायचे. त्यांची नोकरी जाऊन सात महिने झाले होते. देवांगने खिडकीमागे काकूंना पाहिले आणि तो दारातच थांबला. मग आत येऊन हळू आवाजात म्हणाला, "मावशी, प्लीज, मंडळात सांगू नका. डॅड म्हणतात, आपण कोणाकडून मदत घेत नाही." त्याने चिवडाही घेतला नाही. तो गेल्यावर काकूंनी मला दाबले, पण लगेच सोडले नाही. त्यांचा अंगठा बराच वेळ खटक्यावर तसाच होता. ही गोष्ट त्यांनी घरी काकांनाही सांगितली नाही.

दर शुक्रवारी काकू मला पर्समधून घरी न्यायच्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर होते. दूध, दाताचा डॉक्टर, नागपूरला फोन, सगळे त्या त्याच्या चौकोनांत लिहायच्या. तिथेच त्या माझा आकडा लिहायच्या आणि खाली बारीक अक्षरात कारणे. काका ते आकडे रोज बघायचे, खालचे बारीक अक्षर वाचायचे नाहीत. काकू चालण्याच्या फेऱ्या मोजून लिहितात असे त्यांना वाटायचे. त्यांनी कधी विचारले नाही. इतक्या वर्षांच्या संसारात प्रत्येक गोष्ट कोण विचारतो?

नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी माझ्यावर ०३१८ असा आकडा होता. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी काकू कॉलेजला निघाल्या आणि गाडीपर्यंतही पोचल्या नाहीत. त्यांचे हृदय थांबले. मी त्यांच्या पर्समध्ये होतो. मला काही करता आले नाही. मी फक्त मोजतो.

पंधरा दिवसांनी काकांनी पर्स रिकामी केली. चष्मा, कॉलेजचे ओळखपत्र, एक रुमाल, आणि मी. त्यांनी मला हातात घेतले. मग सवयीने त्यांनी गुंडी फिरवली. चारही आकडे शून्य झाले. त्यांनी मला मंडळाच्या पेटीत ठेवले आणि पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली सरकवली.

मी त्यांना दोष देत नाही. पण त्या क्षणी मला काय वाटले ते मी अजून विसरलेलो नाही.

जानेवारीत हिमानीचा फोन आला. काकांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता. ती आधी तब्येतीचे बोलली. मग चाचरत म्हणाली, "काका, आय फील टेरिबल विचारताना. काकूंच्या काउंटरवर नंबर काय होता?"

काका म्हणाले, "शून्य."

"नाही, त्या आधी."

तेव्हा हिमानीने त्यांना सगळे सांगितले. वर्षभराचे मोजणे, ती खोली, सवलतीचा अर्ज. शेवटी काका म्हणाले, "हिमानी, मी तो पुसला. मंडळाच्या जेवणानंतर पुसतो तसा."

फोन बंद झाला. चहा तसाच निवला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की मान वर करा, भिंतीकडे बघा. पण त्या भिंतीकडे ते दोन महिने बघतच नव्हते. कॅलेंडरवर नोव्हेंबरचे पान तसेच होते. नवे कॅलेंडर रबर लावून फ्रिजवर पडले होते. पान उलटायचे म्हणजे काकूंच्या अक्षराचा शेवटचा महिना उलटायचा.

आठवड्याने मंडळाचे लोक पेटी न्यायला येणार होते. काकांनी ती टेबलाखालून ओढली, मला बाहेर काढले आणि सरळ उभे राहिले, तेव्हा त्यांचे डोके कॅलेंडरला लागले. पान हलले. त्यांनी वर पाहिले. शुक्रवारच्या चौकोनात लिहिले होते, ३१८. काकांनी माझी चार शून्ये पाहिली आणि पुन्हा भिंतीकडे पाहिले. मग त्यांनी ऑक्टोबर काढला, सप्टेंबर काढला. जानेवारीपर्यंत गेले. दर शुक्रवारी एक आकडा होता आणि आधीच्याहून तो मोठा होता.

त्यांनी खिळ्यावरून कॅलेंडर उतरवले. भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन उरला. ते कॅलेंडर छातीशी धरून, मला खिशात घालून ते कॉलेजात गेले.

हिमानीला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. काकू तिला त्यावरून चिडवायच्या. म्हणून काकाच वाचायला बसले आणि ती टाइप करत गेली. "तीन मार्च. एकोणसाठ. आईवडील सही देत नाहीत, चार. भीती, दोन. बस, एक." असे त्यांनी अख्खे वर्ष वाचले. मध्येच एका चौकोनात लिहिले होते, 'यांना गुळाची पोळी'. काका तेही वाचून गेले आणि मग थांबले. हिमानीने टाइप करणे थांबवले. ती म्हणाली, "वी कॅन डू द रेस्ट टुमॉरो, काका." काका म्हणाले, "नको. आज होऊ दे."

नुसत्या आकड्यावर सरकार विश्वास ठेवत नाही, माणसे दाखवावी लागतात. ऑफिसात येणाऱ्यांच्या नावांची वही होती. हिमानीने कॅलेंडरच्या आठवड्यांशी ती वही लावून पाहिली आणि एकेकाला फोन सुरू केले. घरची कमाई किती याचा एक कागद आणून द्या, नाव बाहेर जाणार नाही, एवढेच ती सांगायची. बरेच जण आले. काही आले नाहीत.

श्रीरंग स्वतः आले. काका तिथे पाने लावत बसले होते. श्रीरंगांनी कमाईच्या कागदाचे पाकीट टेबलावर ठेवले आणि उभ्यानेच म्हणाले, "मंडळात सगळ्यांना कळलंच असेल. म्हणून मी गणपतीलाही आलो नाही."

"काय कळलं असेल?" काकांनी विचारले.

"माझ्या नोकरीचं. देवांग सुहासिनीताईंना बोलला होता. तुम्हाला तर त्यांनी सांगितलंच असेल."

काकांनी हातातली पाने खाली ठेवली. "नाही हो," ते म्हणाले. "तिनं मलाही सांगितलं नाही."

श्रीरंग खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारले की देवांगचा फाफ्सा अजून भरता येईल का. काकांनी चिवड्याचा डबा पुढे केला. तो चिवडा विकतचा होता, पण श्रीरंगांनी घेतला.

अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी गेला. वसंतात उत्तर आले. कॉलेज पात्र ठरले होते. अनुदानाचा अर्ज वेगळा, तो अजून व्हायचा आहे. पण पगारातला वाटा माफ झाला आणि संध्याकाळची ती खोली बंद झाली नाही. देवांग आता तिथे गणित शिकवतो.

मला काकांनी मंडळाला परत दिले नाही. मंडळाला त्यांनी नवा काउंटर घेऊन दिला. नोकरीतून ते निवृत्तच झाले होते, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी ते काकूंच्या खिडकीपाशी विनापगारी बसतात. कोणी उठून निघाले की ते मला दाबत नाहीत. आधी चिवड्याचा डबा घेऊन मागोमाग बसस्टॉपपर्यंत जातात. काकूंना खिडकी सोडून जाता येत नसे, काकांना येते. ते एकटेच परत आले, तर टक. पुष्कळदा दोघे परत येतात. पूर्वीपेक्षा मी आता फार कमी वाजतो, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

घरच्या भिंतीवर नवे कॅलेंडर आहे. शुक्रवारी काका त्यावर माझा आकडा लिहितात. त्यांचे अक्षर चांगले नाही. मला शून्य मात्र ते करत नाहीत. ३१८ पर्यंत त्यांनी मला स्वतःच्या अंगठ्याने, एकेक खटका मोजत परत आणले आणि तिथून पुढे मोजायला लागले.

मित्रांनो, माझे एवढेच ऐका. गेलेल्या माणसाची वस्तू हाती आली तर ती पुसा, आवरा, पेटीत ठेवा. पण त्याआधी तिच्यावर काय लिहिलेले आहे ते एकदा वाचा. कोणीतरी तिथपर्यंत मोजत आलेले असते.