किल्लीमावशीचं उंच स्टूल

मी स्टूल बोलतोय. इकडेतिकडे काय शोधताय? काउंटरच्या मागे बघा. हं, वर. अजून जरा वर. हो, उंच आहे मी, आणि त्याला कारण मावशीचा नवरा.

त्या दोघांनी किल्ल्या बनवण्याचं हे दुकान थाटलं, तेव्हा त्या भल्या माणसाने मला स्वतःच्या हाताने बनवलं. माप घेतलं काउंटरचं, आणि माझे पायही तेवढेच ठेवले! बसणाऱ्याचे गुडघे कुठे जातील, याचा विचारच केला नाही. मावशी माझ्यावर चढून बसली आणि हसता हसता तिची पुरेवाट झाली. "अहो, हे स्टूल आहे की उंट?"

"असू दे गं. गिऱ्हाईक लांबून दिसेल," तो म्हणाला.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं उंट हे नाव मात्र टिकलं.

मावशी म्हणजे काय सांगू! बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. किल्ली तयार होऊन गिऱ्हाइकाच्या हातात पडली, तरी त्याची सुटका नाही. घरी कोण कोण असतं, कुलूप कुणी बिघडवलं, सगळं विचारून झाल्यावरच बिचाऱ्याला पायरी उतरता यायची. मी कुरकुरायचो, पण माझं कोण ऐकतंय?

पुढे मावशीची कंबर धरू लागली. तिची मुलगी इस्पितळात नर्स. तिने आईसाठी गोल फिरणारी मऊ खुर्ची आणली आणि माझी रवानगी झाली मागच्या खोलीत. डोक्यावर रंगाचा डबा. खरं सांगतो, फार लागलं मनाला. मागच्या खोलीला दार नाही, म्हणून दुकान दिसत राहायचं, एवढाच काय तो दिलासा.

अशात मुलीचं लग्न ठरलं. होणारा जावई उमदा, हसरा. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. लग्नानंतर तो मावशीबरोबर दुकान सांभाळणार होता, म्हणून सकाळचं छापखान्यातलं काम उरकून तो दुपारी किल्ल्या करायला शिकायला येऊ लागला. मुलगी जवळ असली की भराभर हात हलवून दोन्हीकडचं बोलणं पोचवायची. ती कामावर गेली, की दुकानात नुसता गोंधळ.

"जेवलास का?" मावशी रोज विचारायची. आणि विचारायची कशी, तर ओरडून! समोरच्या फुटपाथवरचा माणूस "हो, जेवलो" म्हणायचा. जावई हसून मान डोलवायचा. मावशीने टाकी गळते म्हणून सांगितलं, तरी तस्संच हसून मान डोलवली.

"अगं, मला जावयाशी भांडायचं झालं तरी तुला मध्ये घ्यावं लागणार," एकदा ती मुलीला म्हणाली. म्हणाली हसत, पण आवाज ओला होता. "दिवसभर एका छपराखाली राहायचं आणि परक्यासारखं बघत बसायचं. नको गं बाई."

जवळच्या कॉलेजात खुणांच्या भाषेचा संध्याकाळचा वर्ग सुरू होत होता. मावशी धावत गेली. तिथे काय झालं, ते मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं. कारकुनाने सांगितलं, "जागा भरल्या. शिकवणाऱ्या बाई परवानगी देत असतील तर नाव घालतो. नाहीतर पुढच्या वर्षी या." पुढच्या वर्षी! लग्न दोन महिन्यांवर आलेलं!

बाईंना काय, आपण बोलून बोलून पटवू, असं मनाशी म्हणत ती वर्गात शिरली. आणि तिथेच तिची पंचाईत झाली. बाईंना स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. मावशीने जावई, लग्न, दुकान, सगळं सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे ऐकणाऱ्यासारखं बघितलं आणि फळ्यावर लिहिलं, 'सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसायला हवेत. गोलात आणखी खुर्ची मावत नाही. मागे बसलात तर दिसणार नाही.'

एरवी या गोष्टीवर तिने अख्खी संध्याकाळ काढली असती. त्या दिवशी मुलीला दोन वाक्यांत सांगून ती मागच्या खोलीत आली, रंगाचा डबा खाली ठेवला आणि माझ्यावर बसली. किती दिवसांनी! गप्प बसलेली मावशी मी पहिल्यांदाच पाहिली. मला भीतीच वाटली. ती आपली बोटं हलवून बघत होती, मुलीची नक्कल करत.

दोघींच्या मध्ये त्या दिवशीच आलेल्या खोक्यांची माणूसभर उंच रास होती. पलीकडून मुलगी ओरडली, "आई, काय करतेयस हातांनी?"

"तुला गं कसं दिसलं?"

"खोक्यांच्या वरून दिसतायत की!"

मावशीने खाली उतरून माझ्याकडे असं बघितलं, जणू काही मी आत्ताच नवा बनून समोर आलोय.

दुसऱ्या दिवशी मला काखेत मारून ती भर रस्त्यातून निघाली. "मावशी, उंट कुठे निघाला?" कुणीतरी विचारलं. "कॉलेजात!" ती म्हणाली.

वर्गात गोलामागे, भिंतीला टेकून तिने मला ठेवलं आणि वर चढली. सगळ्यांची डोकी आमच्याखाली. बाई कपाळाला आठ्या घालून बघू लागल्या. मावशीच्या तोंडाशी शब्दांची रांग लागली असणार, पण तिने ओठ घट्ट मिटले. स्वतःकडे बोट केलं आणि आयुष्यभर करत आली तेच केलं, हवेत किल्ली फिरवली. म्हणजे, मला आत घ्या.

बाईंच्या आठ्या विरल्या. त्या समोरच्या एकेका खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत गेल्या. हात उंच करून एक खूण केली, मावशीने तशीच करून दाखवली. शेवटच्या खुर्चीवरून उठल्या त्या हसतच. कारकुनाला बोलावून त्यांनी मान हलवली आणि आमचं नाव लागलं. आमचं म्हणजे तिचं. पण मला नाही वाटत, माझ्याशिवाय लागलं असतं.

लग्नाआधीची एक दुपार. मुलगी कामावर होती. जावई आला. मावशीने सवयीने तोंड उघडलं, मिटलं, आणि हातांनी विचारलं, "जेवलास का?"

तो थबकला. या वेळी मान डोलली नाही. त्याने हातांनी सांगितलं, "नाही. फार भूक लागलीय."

मावशी मटकन खुर्चीत बसली. "अरे देवा! म्हणजे इतके दिवस हा उपाशीच मान डोलवत होता?" रडत रडत तिने स्वतःचा डबा त्याच्यापुढे सरकवला आणि हातांनी त्याला असं काही झापलं, की तो खाता खाता हसू लागला.

आता दुकानात मी परत काउंटरपाशी आहे. जावई माझ्यावर बसतो. त्या दोघांचं भांडण ऐन रंगात असतं आणि दुकानात चिडीचूप. परवा माझा एक पाय डुगडुगला. माझी कुरकुर त्याला ऐकू यायची नाही, पण बुडाखाली जाणवली. त्याने लगेच मला उलटं करून खिळा ठोकला.

बरं, पुरे झालं माझं. तो बघा, डबा संपवून हात धुऊन येतोय. सरका जरा, त्याला बसायचंय.