पावण्यांचा गूळ

हेमंतातल्या उतरत्या दुपारी प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत यायचं आणि त्या उन्हात सुमनअक्का काचेचा चंबू मंद हलवीत उभ्या असायच्या. बांगड्या कोपराकडे सारलेल्या, ओठ मिटलेले, पदराला शिजल्या गुळाचा वास. चंबूत त्यांनी कधीकाळी उचगावच्या शिवारातून, उसाच्या पानावरून खरवडून आणलेली बुरशी आंबत असे. गुळाचं पाणी पिऊन ती एक नितळ डिंक सोडते, आणि तो वाळला की औषधाच्या गोळ्यांवर चढवण्याजोगा पातळ पापुद्रा मिळतो. या डिंकापायी अक्कांनी उभी हयात घालवली. गावात कुणाला हे सांगितलं, तर तो आधी हसायचा आणि मग लोणच्यावरची बुरशी कशी घालवायची ते विचारायचा.

दर महिन्याला जुन्या नळीतली कणभर बुरशी नव्या नळीत सोडायची, नाहीतर वाण संपला. या कामाला ना सुट्टी, ना कौतुक. अक्कांच्या चेहऱ्यावर त्याचा शिणवटा कायमचा मुक्कामाला आला होता.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी फ्रिज बंद पडला आणि एक सोडून सगळ्या नळ्या नासल्या. उरलेल्या नळीतली निम्मी बुरशी त्यांनी माझ्या, म्हणजे त्यांच्या मदतनिसाच्या, हवाली केली. मी शहाण्यानं तिच्यासाठी बाजारातला सर्वांत देखणा, पिवळाधमक गूळ आणला. आठवडा उलटला तरी चंबूतलं पाणी पाणीच राहिलं. अक्कांनी त्या गुळाचा खडा जिभेवर ठेवला.

"पावण्यास्नी वाढायचा गूळ हाय ह्यो. पावडर टाकून उजळलेला. तिला न्हाय सोसत. काळी ढेप आण की."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरलेली बुरशी त्यांनी काळ्या गुळाच्या पाण्यात सोडली. चौथ्या दिवशी पाणी दाटलं, बोटांमध्ये तार धरू लागलं. मला वाटलं, आता तरी हसतील. त्या स्टुलावर टेकल्या आणि म्हणाल्या, "जगली. आता तू बघ रे बाबा, मी लई दमले."

पुढच्या हेमंतात अक्का गेल्या.

आता बुरशीला मी बघतो. पाठ भरून येते, डोळे चुरचुरतात, आणि खरं सांगायचं तर अनेकदा वाटतं, या महिन्यात राहू दे, मरो ती. मग मुकाट्यानं बुरशीचा कण उचलायची तार ज्योतीवर तापवायला घेतो. बुरशीच्या पिढ्यांमागून पिढ्या सरल्या. अक्कांच्या हाताखालून गेलेली एक पेशीही आज या नळीत उरलेली नाही, हे मला शास्त्रानं ठाऊक आहे. पण ज्या महिन्यात मी थकून थांबेन, त्या महिन्यात या नळीत नेमकं कोण मरेल, हे सांगायला मला शास्त्र लागत नाही.