थरथरणाऱ्यांचं बाक

गास्पारच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी सांगितलेलं बरं. पॅरिसच्या टोपीवाल्यांकडून घर, राजाकडून तहहयात तनखा आणि कारखान्याच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी. बदल्यात त्यानं समुद्र ओलांडून लंडनजवळच्या वाँड्सवर्थला यायचं, छळाला कंटाळून पळून आलो असं सांगायचं, मावशीच्या घरी राहायचं आणि तिचं टोप्यांचं पाणी शिकून गुपचूप परत जायचं. मार्तमावशीच्या पदरात पडणार होता फक्त बहिणीचा मुलगा. धट्टाकट्टा, हसतमुख, बोलण्यात थेट तिच्या माहेरच्या कोदबेक गावचा हेल. वरवर पाहता सौदा त्याच्याच फायद्याचा. मार्तला ओळखणारा मात्र असं म्हणण्याआधी दोनदा विचार करील.

पहिल्याच रविवारी तो आमच्या प्रार्थनाघरात उभा राहिला आणि त्यानं खणखणीत आवाजात स्तोत्र म्हटलं.

आमच्यात कुणी असं म्हणत नाही. म्हणजे आम्ही म्हणतो, नवा आलेला म्हणत नाही. तिकडे फ्रान्समध्ये आमचं स्तोत्र शेजाऱ्याच्या कानावर गेलं की माणूस जन्मभर राजाच्या गलबतावर वल्ही मारतो. त्यामुळे पळून आलेला माणूस पहिलं वर्षभर ओठांतल्या ओठांत पुटपुटतो. त्याला कंठ कधी फुटतो यावर आमच्यातले रिकामटेकडे पैजासुद्धा लावतात. गास्पारनं पहिल्याच दिवशी छप्पर हलवलं.

पाववाले आब्राहामदादा मार्तच्या कानाशी वाकले. “भाच्याचा गळा झकास आहे हो.”

“गळा आहेच,” मार्त म्हणाली. “भीती तेवढी वाटेत कुठे सांडून आला, कुणास ठाऊक.”

तिला जे कळायचं ते तिथेच कळलं. दुपारी वडीलमंडळींच्या प्रमुखांना, इझाककाका व्हातिएंना, जाऊन सांगायचं तिनं ठरवलं होतं. त्याऐवजी तिनं गास्पारच्या ताटात सफरचंदाच्या पोळीचा दुसरा तुकडा वाढला आणि बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत बसली.

पाण्याबद्दल सांगायला हवं. सशाचे केस नुसते चेपून नमदा, म्हणजे टोपीचं घट्ट कापड, होत नाही, कितीही मळा. पारा तेजाबात विरघळवायचा, त्या पाण्याचा ब्रश कातड्यावरून फिरवायचा, शेकायचं. केसांची टोकं नारिंगी झाली की मग ते एकमेकांना असे बिलगतात की पावसाचा बाप आला तरी टोपी वाकत नाही. फ्रान्सच्या राजानं पोपला न मानणाऱ्या आमच्या पंथाला हाकललं, तेव्हा आमची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली, पण हे पाणी डोक्यात घेऊन निघाली. तेव्हापासून तिकडच्या टोप्या सरीत भिजलेल्या कोंबडीसारख्या दिसू लागल्या. रोमचे कार्डिनल, पोपचे बडे धर्मगुरू, तेसुद्धा लाल टोपी मागवायचे ती आमच्याच नदीकाठाहून. त्यांच्या डोक्यावर पाखंड्यांची टोपी, आमच्या चुलीवर त्यांचा पैसा. दोन्ही बाजूंना पाप सारखंच, म्हणून कुणी बोलत नसे.

प्रत्येक घरात पाण्याची एक खोली. खिडकी नाही, दार कायम बंद, आत एकच माणूस. विद्या नवरा-बायको आणि रक्ताच्या नात्याबाहेर जायची नाही. आणि जो पाणी कालवतो त्याचे हात काही वर्षांनी थरथरू लागतात. आधी गुंडी लागत नाही, मग पेला धरवत नाही, शेवटी मान डुगडुगते आणि माणूस उगाच रडतो, उगाच चिडतो.

याचं कारण आम्ही तयार ठेवलं होतं. राजानं घराघरांत घोडेस्वार उतरवले होते, त्यांनी म्हाताऱ्यांना झोपू दिलं नाही, पोरांना टांगलं. तो धसका रक्तात उतरला, बापाकडून लेकाकडे आला. थरथर म्हणजे श्रद्धेसाठी सोसल्याची खूण. म्हणून प्रार्थनाघरात पहिलं बाक थरथरणाऱ्यांचं. त्या बाकावर प्रसादाचा पेला हिंदकळला की मागचे लोक डोळे पुसत. त्या घरच्या मुलीला स्थळं सांगून येत.

मार्तचा नवरा जान याच बाकावर बसून गेला. शेवटी त्याला टोपी घालताना दोघं लागत. मार्त रडली, पण रडताना तिच्या मनात एक कुसळ रुतलं. जान वाँड्सवर्थला जन्मला होता, त्यानं राजाचा शिपाई चित्रातसुद्धा पाहिला नव्हता. उलट आब्राहामदादांचे तळपाय शिपायांनी विस्तवावर धरले होते. ते अजून लंगडतात, पण डोक्यावरच्या फळीवरचा एक पाव कधी पडला नाही. पाववाल्याच्या धसक्याला थरथर फुटत नाही आणि टोपीवाल्याच्या धसक्याला फुटते, हे कसं? हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही. आमच्यात तो विचारणं म्हणजे मेलेल्यांची पदकं उपटणं.

जाननंतर पाणी तीच कालवत होती, आणि आता तिचे स्वतःचे हात हलू लागले होते. इझाककाका समाचाराला आले.

“मार्त, यंदाचं पाणी ज्युदितनं कालवावं. पोर मोठी झाली. तुझ्या घरचं बाक रिकामं पडायला नको.”

“बघते काका.”

“बघायचं काय त्यात? घरात माणूस नसेल तर पाणी दुसऱ्या घराकडे जाईल, नियमच आहे. मग टोप्याही गेल्या.”

दाराआड ज्युदित उभीच होती. काका गेल्यावर ती आईसमोर आली. “मी तयार आहे. कधीपासून?”

“तू सुईकाम कर.”

“सुईकाम! सगळ्या मैत्रिणी खोलीत गेल्या. मी काय इंग्रजांचे मोजे रफू करत बसू? बाबांचं पाणी आहे ते, आई.”

“म्हणूनच नको.”

“मला येणार नाही असं वाटतं तुला?”

मार्तनं लेकीचा हात हातात घेतला. बोटं लांब, स्थिर, जळती मेणबत्ती धरली तर ज्योत हलणार नाही अशी. “तुला येईल गं,” ती म्हणाली. “तेच तर.”

संध्याकाळी तिनं गास्पारला बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लग्नघरी आलेल्या उपाशी पाहुण्याचा भाव होता.

“तू रक्ताचा आहेस. पाणी शिकशील?”

“मावशी! मी? एवढा विश्वास?”

“विश्वासाचं राहू दे. या पाण्याची किंमत असते. द्यावी लागते.”

“देईन की,” गास्पार म्हणाला, आणि मनात पॅरिसचं घर आणखी एक मजला वाढवला.

तो शिकला, आणि चांगला शिकला, हे मान्य करायला हवं. ज्युदित आईशी बोलेनाशी झाली. पाण्याच्या खोलीत न गेलेल्या मुलीला आमच्या घरांतून कोण विचारणार? तिनं शेजारच्या बॅटरसीच्या टॉम पिगट नावाच्या इंग्रज भाजीवाल्याला होकार दिला. लग्नाला आमचे लोक आले, जेवले आणि कोबीवरून विनोद करत परतले.

पुढच्या वसंतात गास्पारनं बोचकं बांधलं. रॉचेस्टरला कातडी बघायला जातो म्हणाला. मार्त स्वयंपाकघरात मटार सोलत होती. निम्मे जमिनीवर सांडत होते.

“रॉचेस्टरला एवढे कपडे?” तिनं विचारलं. “पॅरिसला थंडी असते, लोकरी कोट घे.”

गास्पारनं बोचकं खाली ठेवलं. मग खाली बसला. “कधीपासून माहीत होतं?”

“तू गायलास तेव्हापासून.”

“आणि तरी शिकवलंस? का?”

“कुणीतरी शिकणारच होतं. माझी मुलगी नको होती.” तिनं दोन्ही हात पुढे केले. “हे बघ. हे शिपायांनी नाही केलेलं, पाण्यानं केलंय. जान त्यानंच गेला. आता ऐक. तिकडे गेल्यावर स्वतः कालवू नकोस. कालवायचंच असेल तर उघड्यावर कालव, वाऱ्याला पाठ दे. आणि जे कालवतील त्यांना सांग.”

गास्पारनं आपला हात तिच्यासमोर धरला. “बघ. दगड आहे दगड.”

“जानचाही पहिल्या वर्षी दगडच होता.”

तो हसला. हसताना खरंच गोड दिसायचा. “मावशी, तू पक्की टोपीवाली. धंदा जाऊ नये म्हणून शेवटच्या घटकेला भुताची गोष्ट काढलीस!”

“धंदा मीच तुला बांधून दिलाय ना रे?”

त्यानं तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. दाराशी वळून म्हणाला, “आईला काय सांगू?”

मार्तच्या हातातला मटार घरंगळला. “मादलेनला काही सांगू नकोस,” ती म्हणाली. “तिचे हात धडधाकट आहेत ना?”

“आहेत की. अजून कातते.”

तो गेला. दोनेक वर्षांत पॅरिसच्या टोप्या पावसात ताठ उभ्या राहू लागल्या. रोमची मागणी थांबली, मग माद्रिदची. वडीलमंडळींनी मार्तला बोलावलं. प्रार्थनाघर गच्च भरलं होतं.

“पाणी कुणी दिलं?” इझाककाकांनी विचारलं. त्यांची मान डुगडुगत होती.

“मी.”

“चोर आहे हे माहीत असून?”

“माहीत असून.”

“लाज वाटत नाही? या सगळ्यांच्या तोंडचा घास...”

“आब्राहामदादा, उठा जरा,” मार्त म्हणाली. “हात दाखवा सगळ्यांना.”

आब्राहामदादा गोंधळून उठले आणि पीठ लागलेले हात वर केले. दोन्ही हात स्थिर होते.

“यांच्याइतकं शिपायांचं कुणी सोसलं आहे? सांगा. आणि आता पहिलं बाक बघा. यातले निम्मे इथे नदीकाठी जन्मलेत. कसला धसका हो काका? राजानं आपल्याला एकदा हाकललं. त्यानंतरचं आपलं आपण करतोय, दार लावून.”

मला वाटलं, आता कुणीतरी उठून हो म्हणेल. मग पहिल्या बाकावरची एक विधवा किंचाळली, “माझा नवरा श्रद्धेसाठी गेला!” आणि सगळे एकदम बोलू लागले. माणूस धंदा बुडालेला सोसतो. बाप फुकट गेला हे सोसत नाही.

मार्तला पहिल्या बाकावरून उठवलं. पाठीमागे, दारातल्या वाऱ्याच्या झोतात, इंग्रज नोकराण्या बसतात तिथे जागा दिली. “बरं झालं,” ती आब्राहामदादांना म्हणाली. “इथे हवा तरी आहे.” तिनं पाण्याची खोली पाडून तिथे कोंबड्या पाळल्या. बाकीच्यांनी पाणी सोडलं नाही. मागणी निम्म्यावर आली तरी खोल्या चालूच राहिल्या.

परवा कोदबेकहून एक कुटुंब पळून आलं. स्तोत्र असं पुटपुटतात की देवाला कान टवकारावे लागत असतील. त्यांना मार्तनं गास्पारबद्दल विचारलं.

“तो बडा कारखानदार ना?” बाई म्हणाली. “बाई, कोट काय, घर काय! पण मोठ्या हौसेनं पाणी स्वतःच कालवायचा, कुणावर विश्वास नाही. आता गावी आईकडे असतो. तीच भरवते त्याला चमच्यानं. तिशीतला बाप्या, पण सूप सांडतं ना. दारासमोरच उन्हात बसतात दोघं. म्हातारी आधी फुंकर घालते, मग भरवते.”

मार्तनं मान हलवली.

आता बेरीज. पॅरिसला टोप्या मिळाल्या. वाँड्सवर्थची मागणी गेली, अभिमान शिल्लक राहिला. ज्युदितला दोन मुलगे आहेत, पिगट नावाचे, त्यांना फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. ती बाजारात गाजरांच्या जुड्या अशा भराभर बांधते की बघत राहावं. आई समोरून गेली तर मान वळवते. मार्तनं बाक दिलं, नाव दिलं, लेक दिली, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नाही. तिचा हिशेब तिनं स्वतः मांडला होता. बहिणीला, मादलेनला, मात्र कुणी विचारलं नव्हतं. किंमत भरली ती तिनं.